वाचकांचे प्रश्न : घरातला शिशाचा पाइप

नळाच्या पाण्यातल्या शिशाविषयी वाचकांकडून बरेच प्रश्न आले आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न : आमच्या जुन्या घरात मीटरकडून येणारा पाइप करड्या रंगाचा आहे. कुणी म्हणतं शिशाचा, कुणी म्हणतं लोखंडाचा. घरच्या घरी कसं ओळखायचं?

पाइप जमिनीतून वर येतो तिथे, पहिल्या व्हॉल्व्हच्या अलीकडे, ओल्या फडक्याने पुसा आणि नाण्याच्या कडेने हलकेच खरवडा. शिसं मऊ असल्यामुळे लगेच चरा पडतो आणि आत चकचकीत रुपेरी रंग दिसतो. मग लोहचुंबक लावा. जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप, म्हणजे जीआय, हाही करडाच दिसतो. पण त्याला चुंबक चिकटतो, शिशाला चिकटत नाही. तांबं खरवडलं की तांबूस दिसतं. शिशाच्या पाइपाला आटे नसतात आणि सहसा एल्बोही नसतो. तो हाताने वळवलेला असल्यामुळे सैलसर बाक घेत जातो आणि सांध्याच्या जागी कांद्यासारखा फुगवटा असतो. पाइपाला रंग दिलेला असेल तर जागा ओली करूनच खरवडा, कारण जुन्या रंगातही शिसं असू शकतं. नंतर हात साबणाने धुवा.

एवढ्यावर मात्र निकाल देऊ नका. घरात दिसणारा तुकडा जीआयचा आणि जमिनीखाली मेन लाइनकडून येणारा तुकडा शिशाचा, अशी जोडणी जुन्या घरांत असते. कधीकधी तो तुकडा हात-दीड हातच लांब असतो. म्हणून मीटरच्या दोन्ही बाजूंना लहानसा खड्डा घेऊन पाइप उघडा करा आणि तिथेही हीच परीक्षा घ्या.

प्रश्न : टीडीएस मीटर ९० दाखवतो, शिवाय आम्ही पाणी उकळून पितो. मग काळजी कशाला?

या दोन्ही गोष्टींचा शिशाशी संबंध नाही. टीडीएस मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजून विरघळलेल्या एकूण क्षारांचा अंदाज देतो, तोही लिटरमागे मिलिग्रॅममध्ये. जागतिक आरोग्य संघटनेचं पिण्याच्या पाण्यातल्या शिशासाठीचं मार्गदर्शक मूल्य लिटरमागे १० मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे ०.०१ मिलिग्रॅम. त्याच्या दसपट शिसं असलं तरी मीटरवरचा आकडा हलणार नाही. उकळल्याने जंतू मरतात, शिसं जात नाही. उलट वाफ निघून गेल्यावर उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण थोडं वाढतंच. शिशाला चव नाही, वास नाही, रंगही नाही, त्यामुळे पाणी दिसायला स्वच्छ आहे हा पुरावा धरता येत नाही.

प्रश्न : आमच्याकडचं पाणी जड आहे. पाइपात आतून थर बसलेला असणार. साठ वर्षांत कुणाला काही झालं नाही, तर आता बदलायची गरज काय?

थर बसतो आणि त्याने शिसं विरघळणं कमी होतं, हे खरं. पण हा थर पाण्याच्या रसायनावर टिकून असतो आणि ते रसायन तुमच्या हातात नाही. उगम बदलला, आम्लता वाढली, जंतुनाशक बदललं, की तोच थर सुटायला लागतो. अमेरिकेतल्या फ्लिंट शहरात एप्रिल २०१४ मध्ये पाण्याचा स्रोत बदलून नदीचं पाणी सोडलं गेलं आणि पाइप गंजू नये म्हणून करायची प्रक्रिया केली गेली नाही. वर्षानुवर्षं गप्प बसलेल्या पाइपांमधून शिसं घरोघरच्या नळांत उतरलं. रस्त्यावर खोदकाम झालं किंवा पाइपाला धक्का बसला, तरी थराचे कण सुटून येतात.

राहिलं ‘कुणाला काही झालं नाही’ हे. शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी ठरलेली नाही. लहान मुलांचं शरीर अन्नपाण्यातलं शिसं मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त शोषतं आणि त्याचा परिणाम बुद्धीच्या वाढीवर, एकाग्रतेवर होतो. मोठ्यांमध्ये रक्तदाब आणि मूत्रपिंडावर ताण येतो. यातलं काहीही पाइपाकडे बोट दाखवत समोर येत नाही. घरात तान्हं बाळ किंवा गरोदर बाई असेल तर वाट पाहू नका. मुलांनी हे पाणी बराच काळ प्यायलं असेल तर डॉक्टरांना सांगून रक्तातल्या शिशाची तपासणी करून घ्या.

प्रश्न : नमुना प्रयोगशाळेत दिला, ‘शिसं आढळलं नाही’ असा अहवाल आला. पाइप मात्र नक्की शिशाचा आहे. असं कसं?

बहुतेक वेळा नमुना चुकीच्या पाण्याचा असतो. नळ पाच मिनिटं सोडून मग बाटली भरली, तर पाइपात मुरलेलं पाणी निघून गेलेलं असतं आणि मेनमधलं ताजं पाणी बाटलीत येतं. नमुन्याआधी घरातला कोणताही नळ, फ्लशसुद्धा, किमान सहा तास वापरलेला नसावा. स्वयंपाकघरातला थंड पाण्याचा नळ घ्या. नळाच्या तोंडाची जाळी काढू नका. नळ नेहमी पाणी भरताना सोडता तेवढा सोडा.

आता कोणतं लिटर भरायचं, ते पाहा. अर्धा इंची पाइपात मीटरमागे सुमारे १२७ मिलिलिटर पाणी मावतं. नळापासून शिशाच्या पाइपापर्यंत आठ मीटर अंतर असेल तर पहिलं लिटर घरातल्या पाइपाचं, आणि शिशाच्या पाइपात रात्रभर उभं राहिलेलं पाणी दुसऱ्या लिटरपासून येणार. म्हणून पहिलं लिटर आणि पुढची तीन-चार लिटर ओळीने वेगवेगळ्या बाटल्यांत भरून क्रमांक घाला. पहिल्या बाटलीत शिसं जास्त आलं तर नळ, पितळी फिटिंग किंवा जुना डाख यांच्याकडे संशय जातो. पुढच्या बाटल्यांत जास्त आलं तर पाइप. मात्र स्वयंपाकघरातला नळ गच्चीवरच्या टाकीवर असेल तर हा हिशोब लागू होत नाही. तेव्हा नमुना थेट लाइनवरच्या नळाचा घ्या.

अहवालात ‘आढळलं नाही’च्या शेजारी पद्धतीची शोधमर्यादा, म्हणजे त्या पद्धतीने कमीत कमी किती शिसं ओळखता येतं ते, लिहिलेली असते, ती वाचा. मर्यादाच लिटरमागे ५० मायक्रोग्रॅम असेल तर तो अहवाल तुमच्या कामाचा नाही. १ किंवा २ मायक्रोग्रॅमपर्यंत मोजणारी प्रयोगशाळा हवी. आणि स्वच्छ अहवाल आला तरी तो त्या दिवसापुरता असतो. पाइप शिशाचा आहे हे नक्की असेल तर तो बदलायचाच.

प्रश्न : काम व्हायला तीन-चार महिने लागतील. तोवर काय करावं?

पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी थंड नळाचंच घ्या, कारण गरम पाण्यात शिसं जास्त विरघळतं. सकाळी किंवा घर काही तास बंद राहिल्यानंतर आधी पाइपातलं उभं पाणी काढून टाका. ‘दोन मिनिटं सोडा’ अशा मोघम सल्ल्यापेक्षा मोजून काढा. मेनपासून नळापर्यंत २० मीटर अर्धा इंची पाइप असेल तर त्यात अडीच लिटर पाणी असतं. त्याच्या तिप्पट, म्हणजे साडेसात-आठ लिटर, बादलीत काढा. ते लादी पुसायला, फ्लशला वापरता येतं. नंतर दिवसभराचं पिण्याचं पाणी एकदमच भरून ठेवा.

आरओ यंत्र शिसं चांगल्या प्रमाणात काढतं, फक्त मेम्ब्रेन वेळेवर बदललेलं हवं. कार्बन फिल्टर सगळे सारखे नसतात. शिसं काढण्यासाठी तपासलेला आहे असं ज्याच्यावर स्पष्ट लिहिलं आहे तोच घ्या. मातीच्या कँडलवर किंवा यूव्ही दिव्यावर विसंबू नका. नळाच्या जाळीत शिशाचे कण अडकतात, ती महिन्यातून एकदा काढून धुवा. तान्ह्या बाळाचं पावडरचं दूध कालवायला हे पाणी फिल्टरशिवाय वापरूच नका. अंघोळ आणि कपडे धुणं चालेल, कारण पाण्यातलं शिसं कातडीतून जवळजवळ शोषलं जात नाही.

प्रश्न : एकूण बारा मीटरपैकी भिंतीजवळचा तीन मीटर तुकडा गळतो. तेवढाच कापून तांब्याचा टाकला तर?

नका करू. शिशाच्या कामात सगळ्यात जास्त होणारी चूक हीच आहे. कापताना, ओढताना उरलेल्या नऊ मीटरच्या आतला थर हादरतो आणि पुढचे कित्येक आठवडे, कधी महिने, शिशाचे कण सुटत राहतात. त्यात तांबं थेट शिशाला जोडलं की दोन धातू आणि पाणी मिळून विद्युतघट तयार होतो आणि त्यात झिजतं ते शिसं. म्हणजे दुरुस्तीनंतर पाणी आधीपेक्षा वाईट होऊ शकतं.

गळती तातडीने थांबवायचीच असेल तर शिसं आणि प्लास्टिक जोडायला मिळणारं खास कॉम्प्रेशन कपलिंग, म्हणजे नट आवळून घट्ट होणारा सांधा, वापरा. शिशाच्या पाइपाचा बाहेरचा व्यास ठरावीक नसतो आणि तो पुरता गोलही नसतो. दोन-तीन ठिकाणी कॅलिपरने मोजून मगच कपलिंग आणा. ही सोय चार दिवसांची समजा. मीटरपलीकडचा, मेनपर्यंतचा भाग पाणीपुरवठा खात्याचा असेल तर आधी त्यांच्याशी बोलून दोन्ही बाजूंचं काम एकाच दिवशी ठरवा. तुम्ही आपला भाग बदलला आणि पलीकडे शिसं तसंच राहिलं, तर तेही अर्धवट कामच.

प्रश्न : नवीन पाइप कोणता, किती इंची, आणि काम कोणत्या क्रमाने करायचं? मीटरपासून घर १५ मीटर आहे.

जमिनीखालून न्यायला पिण्याच्या पाण्यासाठी प्रमाणित पॉलिथिलीन पाइपाची गुंडाळी सगळ्यात सोयीची, कारण मध्ये एकही सांधा लागत नाही. अर्धा इंची शिशाच्या जागी २५ मिमी बाहेरच्या व्यासाचा, एसडीआर ११ दर्जाचा (म्हणजे बाहेरचा व्यास भिंतीच्या जाडीच्या सुमारे ११ पट असलेला) पाइप घ्या. त्याचं आतलं भोक साधारण २०.४ मिमी, म्हणजे पाणी वाहायला जुन्याच्या अडीच पट जागा. अंतर ३० मीटरच्या पुढे असेल किंवा एकाच वेळी दोन-तीन न्हाणीघरं चालत असतील तर ३२ मिमी. जमिनीत कधी पेट्रोल, डिझेल, रॉकेल सांडलेलं असेल तर साधं पॉलिथिलीन चालणार नाही. ते पदार्थ पाइपाच्या भिंतीतून पाण्यात झिरपतात. तिथे धातूचा आडपडदा असलेला पाइप लागतो.

सामान असं : १८ मीटर पाइप, दोन कॉम्प्रेशन अडॅप्टर, सांध्यात पाइप चेपू नये म्हणून त्याच्या तोंडात घालायच्या आखूड नळ्या, म्हणजे लायनर, घरात शिरल्यावर लगेच बसवायचा एक बॉल व्हॉल्व्ह आणि त्यापुढे पाणी उतरवायची तोटी, भिंतीतून जायला ५० मिमी नळकांडं, खुणेची पट्टी आणि सुमारे १ घनमीटर वाळू. नवे पितळी व्हॉल्व्ह आणि फिटिंग पिण्याच्या पाण्यासाठीच्या कमी शिशाच्या पितळेचीच हवीत. साध्या पितळात शिसं मिसळलेलं असतं.

खोदण्याआधी वीज, गॅस, टेलिफोन आणि सांडपाण्याच्या लाइन कुठून जातात ते शोधून चुन्याने आखा. चर जुन्या पाइपावरून नको, त्याच्या बाजूने घ्या. जुनी लाइन चालू असतानाच नवी टाकून, तपासून होते आणि घराचं पाणी शेवटी काही तासच बंद राहतं. चर ३०० मिमी रुंद आणि साधारण ९०० मिमी खोल. पाइपावर किमान ७५० मिमी माती यायला हवी, आणि जमीन गोठते अशा प्रदेशात गोठणाऱ्या थराच्या खाली जायला हवं. सांडपाण्याची लाइन ओलांडायची वेळ आली तर पाण्याचा पाइप वरून न्या.

तळाचे दगड काढून १०० मिमी वाळू पसरा. पाइप अंथरा, पुन्हा १०० मिमी वाळू टाका, त्यावर माती. जमिनीच्या साधारण ३०० मिमी खाली खुणेची पट्टी घाला. पाइप ताणून सरळ टाकू नका, थोडा नागमोडी ठेवा. भर दुपारी उन्हात तापलेला १५ मीटर पाइप २० अंशांनी थंड झाला की चार ते सहा सेंटीमीटर आखडतो आणि ताठ असेल तर सांध्यातून निसटू बघतो. २५ मिमी पाइपाचा बाक ६०० मिमी त्रिज्येपेक्षा आवळ घेऊ नका, नाहीतर तो मुडपतो. एकदा मुडपलेला भाग सरळ केला तरी कमजोरच राहतो, तो कापून टाका. पाइपाची तोंडं काम संपेपर्यंत टोपणाने बंद ठेवा.

गळतीच्या तक्रारी बहुतेक कॉम्प्रेशन सांध्यांच्या असतात, म्हणून इथे घाई नको. पाइप कटरने काटकोनात कापा. आरीने कापला तर कडेला भुसा आणि तिरकेपणा राहतो. बाहेरची कड थोडी घासून उतरती करा, नाहीतर आतली रबरी रिंग कापली जाते. लायनर घाला. पाइप किती आत जायला हवा त्याची खूण पेनने करा. रिंगला पाणी किंवा सिलिकॉन ग्रीस लावा, तेल-पेट्रोलियम जेली नको. पाइप रिंगपाशी अडतो आणि पोहोचल्यासारखा वाटतो. तिथून पुढे फिरवत जोर लावून खुणेपर्यंत ढकलावा लागतो. रिंगच्या अलीकडेच थांबलेला सांधा दिवसा गळत नाही. रात्री वापर थांबून दाब वाढला की सुटतो. प्लास्टिकच्या आतल्या आट्यांत धातूचा निपल आवळू नका, टेफ्लॉनचे वेढे जास्त झाले की ते प्लास्टिक चिरतं. धातूच्या आतल्या आट्यांत प्लास्टिकचे बाहेरचे आटे बसवा.

माती पूर्ण भरण्याआधी दाबचाचणी. सांधे उघडे ठेवा, पाणी हळू भरत सगळी हवा काढा आणि हातपंपाने नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाब द्या. मेनचा दाब ४ बार असेल तर ६ बार. पॉलिथिलीन थोडं फुगतं, म्हणून सुरुवातीला काटा उतरला तर घाबरू नका. पुन्हा दाब भरा आणि तासभर ठेवा. सांधे कोरड्या कागदाने पुसून पाहा, थेंबाचा डाग लगेच दिसतो. दाबलेल्या हवेने चाचणी कधीही करू नका. सांधा सुटला तर तुकडे गोळीसारखे उडतात.

शेवटी निर्जंतुकीकरण. १५ मीटर पाइपात सुमारे ५ लिटर पाणी मावतं. सुगंध नसलेलं ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट लिटरमागे १ मिलिलिटर घातलं की क्लोरीन लिटरमागे ५० मिलिग्रॅम होतं. ते पाणी पाइपात तासभर ठेवा. मग पाणी उतरवायच्या तोटीने वास जाईपर्यंत धुवून काढा, आणि त्यानंतरच लाइन घराला जोडा. मेनवरच्या फेरूलला, म्हणजे मेनमधून घराची जोडणी जिथे निघते त्या फिटिंगला, हात लावायचं काम मात्र पाणीपुरवठा खात्याचंच.

प्रश्न : अंगणात फरशी आहे, मोठं झाडही आहे. चर न खणता काम होईल का?

होईल. दोन टोकांना खड्डे घेऊन हवेच्या दाबावर चालणारा ‘मोल’ जमिनीतून भोक पाडत नेतात आणि त्यातून नवा पाइप ओढतात. मातीत उत्तम चालतं, पण दगडगोट्यांत मोल दिशा सोडतो. दुसरी रीत म्हणजे जुन्या पाइपातून तार घालून तो बाहेर ओढायचा आणि त्याच्या मागोमाग नवा आत घ्यायचा. शिसं मऊ असल्यामुळे ते मध्येच तुटू शकतं. बाक फार असतील तर हा मार्ग धरू नका. आतून प्लास्टिकचं अस्तर बसवणाऱ्याही पद्धती आहेत, पण त्यात शिसं जमिनीत राहतं आणि पुढे कुणी तोच पाइप कापून जोडणी घेतली तर प्रश्न पुन्हा उभा राहतो. जागेवर ठेवलेल्या पाइपाची नोंद घराच्या कागदपत्रांत ठेवा.

प्रश्न : प्लंबर म्हणतो, पाइप बदलायच्या आधी इलेक्ट्रिशियन बोलवा. कशासाठी?

तुमचा प्लंबर जाणता आहे. जुन्या घरांत विजेचं अर्थिंग पाण्याच्या धातूच्या पाइपाला जोडलेलं असतं. तो पाइप काढून प्लास्टिकचा टाकला की घराचं अर्थिंगच जातं, आणि दिवे-पंखे नेहमीसारखे चालत असल्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. कळतं ते गिझर किंवा वॉशिंग मशीनचा झटका बसल्यावर. आधी स्वतंत्र अर्थिंग करून त्याचा रोध मोजून घ्या. पाइप कापण्याच्या क्षणीही धोका आहे. कुठे गळती-प्रवाह वाहत असेल तर कापलेली दोन टोकं दोन हातांत आली की तो तुमच्यातून जातो. कापायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना जाड तारेचा पूल बांधून मगच कापा.

प्रश्न : निघालेल्या पाइपाचं काय करायचं?

५ मिमी जाडीच्या अर्धा इंची पाइपाचं वजन मीटरला तीन किलोच्या वर भरतं, त्यामुळे तुकडे मीटरभराचेच करा. ग्राइंडर नको, धूळ उडते. पाइप कटर किंवा मोठी कातर वापरा. आरीच लागली तर पाणी मारत चालवा. गॅसच्या बत्तीने तापवू नका, शिशाची वाफ श्वासात जाते. हातमोजे घाला, कामाच्या जागी खाणंपिणं आणि विडी नको, कपडे वेगळे धुवा. तुकडे प्लास्टिकमध्ये गुंडाळून अधिकृत धातू-पुनर्प्रक्रियेकडे द्या. वजनं किंवा गळाचं शिसं ओतायला घरी वितळवू नका.

प्रश्न : पाइप बदलून झाला. आता फिल्टर काढून टाकू का?

इतक्यात नको. घरातल्या बाकीच्या पाइपांत, विशेषतः जीआय असेल तर त्याच्या गंजात, आधी आलेलं शिसं धरून बसलेलं असतं आणि ते हळूहळू सुटतं. त्याच दिवशी सगळ्या नळांच्या जाळ्या काढा, खालच्या मजल्यापासून वर जात थंड पाण्याचे सगळे नळ पूर्ण उघडा आणि किमान अर्धा तास वाहू द्या. मग जाळ्या धुवून बसवा. हे पाणी टाकीत घेऊ नका. टाकी असेल तर तिच्या तळाचा गाळही या निमित्ताने काढा. फिल्टर सहा महिने ठेवा. तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान वर सांगितलेल्या पद्धतीने नमुना पुन्हा तपासा. आकडा उतरला नसेल तर घरातला जीआय, जुने डाख आणि जुने पितळी नळ, या क्रमाने शोध घ्या.